मलप्पांच्या इंजिनाचं पाणी

दिनांक २० मार्च २०१६. लातूर रोड ते उदगीर, कोळशाच्या जुन्या इंजिनाच्या सहलीचं तिकीट एक हजार दोनशे पन्नास रुपये. उदगीर जिल्हा होणार अशी पुन्हा हवा होती, त्याचा हा आगाऊ सोहळा. नांदेडच्या सहल कंपनीने लातूर रोडच्या ऐंशी वर्षांच्या मलप्पांना मानाचा ड्रायव्हर नेमलं, शिवाय त्यांच्या बायकोला, बसम्मांना, इंजिनात फुकट जागा दिली. मलप्पांनी चौतीस वर्षं रेल्वेत इंजिन ड्रायव्हरची नोकरी केली, पण बसम्मांनी पाहिले ते फक्त त्यांचे काळे कपडे, तेही धुण्यापुरते. बायकोने एकदा आपल्याला इंजिन चालवताना बघावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

आदल्या दिवशी बोअरच्या पाण्याचे टँकर आले. मलप्पांनी थेंबभर पाणी जिभेवर घेतलं.

"जड हाय. बॉयलरला चालायचं न्हाई."

"आप्पा, दुष्काळात मिळालं हेच लई झालं," कंपनीचा व्यंकट म्हणाला. "पाण्याचा रिपोर्ट चांगला हाय."

"मग त्या रिपोर्टात डाळ शिजवून दाव."

नोकरीत ते पाणी असंच पारखत. घरात डाळ नव्हती, भाव दोनशेला टेकलेला. शेजारच्या साखराबाईंकडून पावशेर तूरडाळ आणून त्यांनी फलाटाच्या कडेला चूल मांडली. दोन तास उकळूनही डाळ दाताखाली कटकट वाजत होती. ती शिजावी असं त्यांच्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं. त्यांनी आणखी अर्धा तास जाळ घातला. मग स्वतःच म्हणाले, "न्हाई शिजत. भट्टी पेटवू नगा."

व्यंकट खचला नाही. सकाळी त्याने गाडीच्या मागे डिझेल इंजिन जोडलं, जुन्या इंजिनात ओल्या गोणपाटांचा धूर केला आणि रेकॉर्ड केलेली शिट्टी भोंग्यातून वाजवली. 'उदगीर जिल्ह्यात स्वागत' असा फलक पुढे बांधला. लोक खूश झाले. मलप्पा काहीही न चालवणारा दांडा धरून उदगीरपर्यंत हात हलवत उभे राहिले. बसम्मा नाकाला पदर लावून त्यांच्याकडे बघत होत्या.

उदगीरला उतरताना त्या म्हणाल्या, "चौतीस वर्षं एवढंच करीत होता व्हय? मी उगं काळजी करीत बसले."

मलप्पा खुलासा करणार, तेवढ्यात फोटोवाल्याने हसायला सांगितलं. ते हसले.

साखराबाईंची पावशेर तूरडाळ अजून द्यायची आहे.