आईचं चैत्रांगण

यमू, मी कल्याण सोडलं तेव्हा तू तापाने निजली होतीस, म्हणून दारातलं बोलणं तुला ठाऊक नाही. नाना ठाण्याच्या कोर्टातली कारकुनी एक दिवस बुडवून मला स्टेशनावर न्यायला निघाले होते आणि एकच पालुपद चालू होतं, "चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय?" आईनेच हट्ट धरून मला मुंबईच्या चित्रशाळेत धाडलं. ती एवढंच म्हणाली, "जा. मागे बघू नकोस."

वर्षभर मी प्लास्टरची विलायती पानं समोर ठेवून कागदावर उतरवली. रेघ केसभर हलली की ड्रॉइंग मास्तर कागद फाडायचे. माझी रेघ सरळ झाली आणि डोकं फिरलं. मुंबईला आलेल्या आपल्याकडच्या पुष्कळ पोरांचं हेच होतं.

सुट्टीत घरी आलो तो चैत्र होता. हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या. आई सारवलेल्या अंगणात चैत्रांगण काढत होती: पाळण्यातली गौर, सूर्य, चंद्र, नाग, कासव. मी म्हणालो, "आई, गौर कललीय. कासवाचे पाय सारखे नाहीत." आणि बायकांच्या कामात नाक खुपसून, खिळा ठोकून, दोरी लावून सगळं पुसून नव्याने काढलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगबाई, अगदी छापल्यासारखं!" मी फुगलो. आईने रांगोळीची वाटी उचलून फडताळात ठेवली.

पुढच्या चैत्रात अंगण नुसतं सारवलेलं राहिलं. नानांच्या पत्रात एक ओळ होती, "तुझी आई म्हणते, घरात आता शिकलेला आहे, तोच काढील." ती भांडली असती तर बरं झालं असतं. इकडे मी लुगड्यांच्या काठांची नक्षी काढून शाबासकी मिळवत होतो, पण वेल काढायला बसलो की ती अर्ध्यावर टाकून उठायचो. जिने मला रेघ ओढायला शिकवलं, तिचीच रेघ मी बंद पाडली होती.

तिसऱ्या चैत्रात अंगणात बसलो तो खिळा-दोरी न घेता, नुसती चिमूट घेऊन. रांगोळी भसकन सांडत होती. आई उंबऱ्यात उभी, आणि मान वर करायची माझी छाती होईना. ती म्हणाली, "सगळीकडून सारखं केलंस. ते कासव जाणार कुठल्या बाजूला?"

मी घाईने एका बाजूला डोकं काढलं.

"पूस."

दिवे लागेपर्यंत पाच वेळा पुसलं. तिने स्वतः वाटीला हात लावला नाही. अजूनही लावत नाही, आणि ते दुःख माझ्याबरोबरच जाईल.

तू आता सासरी ठाण्याला, मी इथे. लोक विचारतात, घर कुठलं? मुंबईत माझ्या कामाला वाहवा म्हणणारे पैशाला पासरी आहेत. पूस म्हणणारं माणूस कल्याणला आहे, म्हणून घर तिथे. दर चैत्रात जातो. तिला आता कमी दिसतं, यमू. एखाद्या वर्षी ती "असू दे" म्हणाली तर काय करू, या धास्तीने माझा जीव उडतो.