कातडं पांघरलेलं कोकरू

माझं काम नातेवाइकांना समजावून सांगायचं म्हणजे डोक्याला ताप. पुण्याच्या प्रयोगशाळेत आम्ही औषधाचे डोळ्यांना न दिसणारे कण बनवतो. शरीर त्यांना परके समजून हुसकून लावतं. आपल्या पेशी मात्र एकमेकींना निरोप धाडायला बारीक पिशव्या सोडतात, त्यांना कुणी अडवत नाही. तर त्या पिशवीचं आवरण आमच्या कणाला चढवायचं, म्हणजे औषध नेमकं कॅन्सरच्या गाठीपर्यंत पोचेल, असा सगळा खटाटोप.

आबांना हे लगेच कळलं. गंगाखेडजवळच्या आमच्या गावात माझ्या वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली. त्यांच्या यकृतात गाठ निघाली तेव्हा ओसरीवर बसून मी कागदावर चित्र काढून दाखवत होते.

"आगं, मेल्या कोकराचं कातडं पोरक्या कोकराला घालायचं, मंग वासावर मेल्याची माय त्याला आपलंच समजून पाजती," ते म्हणाले. "तेच तुमी करायलाव की!"

अगदी तेच. मी इतकी खूश झाले की पुण्यात ज्याला त्याला सांगत सुटले.

मग दर रविवारी फोनवर त्यांचा एकच प्रश्न, "कोकरू लागलं का गं थानाला?" एका रविवारी मी ओरडलेच, "लागलं, आबा!" प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींनी आमचा कण आत घेतला होता. बशीतल्या पेशींनी. उंदरापर्यंतसुद्धा आम्ही पोचलो नव्हतो, माणूस तर फार लांब. हे मी सांगितलं नाही. शिकलेली मी होते, सांगायला मीच हवं होतं.

आबांचं दिवसकार्य उरकल्यावर मायनं दवाखान्याची फाइल माझ्यापुढे ठेवली. कॅन्सरच्या इंजेक्शनांच्या तारखा होत्या. पहिल्या दोन तारखांपुढे खुणा, पुढचे रकाने कोरे.

"जा म्हणून मी लय मागं लागले," माय म्हणाली. "म्हणायचे, लेकीचं औषध यायलंय, आता कशाला त्या सुया? तुला कळू दिलं न्हाई. तिच्या कामाचा खोळंबा व्हईल म्हणायचे."

त्या सुयांनी आबा बरेच झाले असते असं नाही. पण काही महिने तरी मिळाले असते. पहिला कोरा रकाना मी फोनवर ओरडले त्या रविवारनंतरच्या मंगळवारचा होता.

"पर कोकरू लागलं होतं न्हवं?" मायनं विचारलं.

"लागलं होतं," मी म्हणाले. तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.