महिपतची लाइन

महिपतला इंग्रजी शब्द यायचा एकच, पण त्या एकानेच त्याला पुरतं पिदडलं होतं. पूर्णगडात वीज गेली की 'लाइन गेली', रेशनला उभं राहायचं ते लाइनीत, आणि पोरगा पोरींच्या मागे हिंडू लागला की तो 'लाइन मारतो'. बाप मासेमारीला जायचा, तो गळाच्या दोरीलाही लाइनच म्हणायचा. महिपत स्वतः लाइनमन. रिटायर झाला तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकवणारी लेक योगिनी म्हणाली, "बाबा, या सगळ्याचं मूळ जवस, लॅटिनमध्ये लिनम. जवसाच्या धाग्याची दोरी, ती लाइन. दोरी ताणली की सरळ रेघ, रेघेवर माणसं उभी केली की रांग."

"चटणीचा जवस?" महिपत म्हणाला. "म्हणजे जन्मभर मी चटणीला लोंबकळलो!"

एवढं बोलून तो आडवा झाला. गुडघे गेले होते, खांदा वर होत नव्हता. त्याला आता झोपेशिवाय काही म्हणजे काही नको होतं.

पुढे एका दुपारी वाऱ्याने तार तुटली. "लाइन गेली," बायको मालन म्हणाली, "तुमी उठायचां नाय." तो उठला नाही. मग फोन वाजला. काशीराम, त्याचा कामावरचा जुना जोडीदार, अजून नोकरीत असलेला. दोघांचा रिवाज ठरलेला होता: एकाने खांबावर चढायचं, दुसऱ्याने स्विचपाशी बसायचं. 'बंद हाय' हे जोडीदाराच्या तोंडून ऐकल्याशिवाय चढायचं नाही, आणि 'उतरलो' ऐकल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही. सरपंचाचा निरोपसुद्धा चालायचा नाही.

"महिपत, लाइन बंद हाय मा?"

"मेल्या, मी घरात हाय! स्विचवर तो नवा स्वरूप हाय, त्याला इचार."

"इचारलां. बंद हाय म्हणतो. माणूस चांगला हाय." काशीराम थांबला. "पण पाय चढत नाय रे."

महिपतला संताप आला. मेल्यावर तरी सोडतील का हे लोक? तरी त्याने चपला शोधल्या. मालननेच काठी पुढे केली.

स्विचपाशी जाऊन त्याने स्वतःच्या डोळ्यांनी खात्री केली. काशीरामला फोन लावला आणि तो स्वरूपच्या हातात दिला. "मी बगितलां. आता तू सांग त्याला."

"काशीरामकाका, बंद हाय," स्वरूप म्हणाला.

पलीकडून आवाज आला, "चढतो."

काम उरकल्यावर पुन्हा फोन वाजला. महिपतने सवयीने हात पुढे केला, पण वाजत होता तो स्वरूपचा फोन. "उतरलो," काशीराम त्याला सांगत होता.

घरी येऊन महिपत आडवा झाला. डोक्यावर पंखा फिरत होता. झोप काही येईना.