पौषातलं लग्न आणि न लागलेला फोन

त्या प्रकरणाचा विषय निघाला की मला सगळ्यात आधी पोलीस पाटीलबाईंचा संताप आठवतो. मी तेव्हा लाखनी भागात ठाणेदार होतो आणि निवृत्ती जवळ आली होती. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती, ठाणे अंमलदार स्टेशन डायरी उघडून बसला होता आणि या बाई तडक माझ्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

"साहेब, मले काढाचं असन तं काढा," त्या म्हणाल्या. "पन खोटारडी म्हनून नोका काढू. मी फोन लावून राहिली होती. तो लागूनच नाही राहिला, तं मी का करू?"

त्यांचं गाव महामार्गापासून थोडं आत, धानाच्या बांध्यांमध्ये वसलेलं. पौष महिन्यातल्या एका रविवारी दुपारी तिथे विजेच्या तारेची ठिणगी एका पुंजण्यावर पडली. कापलेला धान मळणीपर्यंत रचून ठेवतात, त्या ढिगाला आमच्याकडे पुंजणं म्हणतात. वारा होता. एकामागून एक पुंजणी पेटत गेली आणि एका भावकीचं वर्षाचं पीक डोळ्यांदेखत राख झालं. गावात असं काही घडलं की ठाण्याला कळवणं हे पोलीस पाटलाचं पहिलं काम. बाकी गाव पाणी मारण्यात गुंतलेलं, फोन बाई करतील असं सगळ्यांनी धरलेलं. पण ना आमच्या ठाण्यात फोन आला, ना अग्निशमनला, ना एकशेबाराला. शेवटी बाईंचा नवरा मोटारसायकलवर लाखनीला धावला. बंब पोहोचला तेव्हा विझवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आता गंमत अशी, की जळालेली पुंजणी नेमकी त्या घराण्याची होती ज्यांनी बाईंच्या नेमणुकीला विरोध केला होता. मग काय, गावाला विषय मिळाला. बाईनं मुद्दाम फोन केला नाही, उभी राहून मजा पाहिली, असं बोललं जाऊ लागलं. तक्रार एसडीओ साहेबांकडे, म्हणजे प्रांताधिकाऱ्यांकडे गेली आणि 'आपले पद रद्द का करण्यात येऊ नये' अशी नोटीस बाईंच्या हातात पडली. त्यांच्या मोबाइलमध्ये लावलेले कॉल दिसत होते, पण सगळे शून्य सेकंदांचे. चौकशीत सांगण्यात आलं, लावून कापले असतील. टॉवर गावातून नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मोबाइल कंपनीनं लिहून दिलं, त्या दिवशी टॉवर व्यवस्थित सुरू होता. बाईंचं म्हणणं काय? तर, "टावरच्या कांड्या फुल्ल दिसत होत्या साहेब, पन फोन जातच नोता."

हे ऐकून कोणीही हसलं असतं. मी हसलो नाही, त्याला कारण आहे. इतकी वर्षं माणसं समोर बसवून मी एक गोष्ट पाहत आलो. खोटं बोलणारा माणूस पटेल असं बोलतो. त्याला जुळवाजुळव करायला वेळ मिळालेला असतो. ही बाई स्वतःच्या विरोधात जाईल अशी गोष्ट सांगत होती. खोटंच बोलायचं असतं तर तिनं सरळ 'टॉवर नव्हता' म्हटलं असतं.

मानधन ते काय असतं पोलीस पाटलाचं! प्रश्न त्याचा नव्हता. परीक्षा देऊन, गावातल्या वजनदार लोकांच्या नाकावर टिच्चून त्यांनी ते पद मिळवलं होतं. आता लेकीच्या सासरीसुद्धा लोक विचारत होते, तुझ्या आईनं आग लागू दिली का गं? पद गेलं असतं, तर तो डाग कायमचा राहिला असता. एसडीओ साहेबांना भेटून मी नोटिशीवरच्या निर्णयासाठी मुदत मागून घेतली.

मग आमची परीक्षा सुरू झाली. बीटचा हवालदार रोज त्या गावात जाऊन मला फोन करायचा आणि रोज फोन खणखणीत लागायचा. "साहेब, बाई झूठ बोलून राहिली," असं तो सांगायचा, तेही त्याच गावातून, त्याच फोनवरून. ठाण्यात माझी थट्टा होऊ लागली. ठाणेदार साहेबांना निवृत्तीच्या आधी टेलिफोन खात्यात बदली पाहिजे, असं कोणीतरी म्हटल्याचं माझ्या कानावर आलं. मी कानाआड केलं.

पौष संपला, माघ लागला आणि लग्नांची गर्दी उसळली. एके दिवशी महामार्गावरच्या एका लॉनपुढे वरातीनं ट्रकांची रांग लावली, म्हणून मी स्वतः गेलो. ट्रॅफिक मोकळं केलं आणि लॉनच्या भिंतीला टेकून असलेल्या पानठेल्यात शिरलो. हवालदाराचा त्या दिवशीचा फोन अजून आला नव्हता. मी त्याला लावला, लागला नाही. पुन्हा लावला, नाही. माझ्या फोनवर तर टॉवर पूर्ण दाखवत होता. मी वैतागलेला पाहून पानठेलेवाला सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता म्हणाला, "तुमच्या फोनात खराबी नसन साहेब, समोरच्याचाच लागत नसन. इथं आज टावर एकदम फुल्ल हाय. लगन हाय ना!"

"लग्नाचा आणि टॉवरचा काय संबंध?"

"का मालूम! लगन असलं का या पत्र्याखाली फोन मस्त चालते. लगन नसलं का फोन म्हंजे गोटा."

त्याला बिचाऱ्याला कल्पनाही नव्हती की तो मला काय देऊन गेला. दुपारनंतर हवालदार ठाण्यात आला तो मान खाली घालूनच. त्या गावात सकाळपासून एकही फोन लागत नव्हता, कांड्या मात्र फुल्ल होत्या. त्याच्या तोंडून ते वाक्य ऐकताना मला जे सुख झालं, ते मी लपवलं नाही.

मी नागपूरला दूरसंचार खात्याकडे लेखी मदत मागितली. पुढच्या लग्नाच्या दिवशी त्यांचे दोन अभियंते आले. एकाच्या हातात माशाच्या काट्यासारखा एक अँटेना होता. तो फिरवत फिरवत ते सरळ लॉनच्या मागच्या बाजूला गेले. पाण्याच्या टाकीमागे, टॉवरकडे तोंड केलेला दुसरा अँटेना बांधलेला होता. त्याची केबल आत हॉलमध्ये, स्टेजच्या वर बसवलेल्या एका डब्याला जोडलेली. परवाना नाही, मान्यता नाही, तसला बूस्टर.

अभियंत्यांनी मला समजावलं ते साधं होतं. पत्र्याच्या हॉलमध्ये टॉवर मिळत नाही, म्हणून मालकानं हे यंत्र बसवलं. त्यामुळे आतल्या पाहुण्यांची चंगळ. पण ते यंत्र टॉवरच्या कानात सतत इतका कल्ला करत होतं, की त्याच दिशेच्या गावातला साधा फोन टॉवरला ऐकूच येत नव्हता. टॉवरचं गावाला ऐकू यायचं, म्हणून कांड्या फुल्ल. गावाचं टॉवरला ऐकू येत नव्हतं, म्हणून फोन बंद.

पंचांसमोर यंत्र बंद केलं. हॉलमध्ये सगळ्यांचे फोन मेले, तशी पंचनाम्यात नोंद घेतली. मी बाहेर मोकळ्यावर आलो, आणि दोन मिनिटांत माझ्या खिशातला फोन वाजला. पोलीस पाटीलबाईंना मी गावातून सारखा फोन लावत राहायला सांगून ठेवलं होतं.

"लागला साहेब!" त्या ओरडल्या. "लागला ना?"

मी म्हटलं, "लागला बाई. बोला."

त्यांनी फोन कापला आणि खात्री करायला लगेच पुन्हा लावला.

यंत्र, अँटेना, केबल असा सगळा मुद्देमाल लाखेचा शिक्का मारून जप्त केला, अभियंत्याच्या फिर्यादीवरून गुन्हा नोंदवला आणि लॉनमालकाला ठाण्यात बोलावलं. माणूस गोड बोलणारा, खिशात चांदीची डबी, सगळ्यांशी ओळख. यंत्र आपलं असल्याचं त्यानं लगेच कबूल केलं. दंड भरायची त्याची तयारीच होती. माझं खरं काम वेगळं होतं. आगीच्या दिवशी ते यंत्र चालू होतं हे सिद्ध झालं नसतं, तर बाईंची नोटीस होती तिथेच राहिली असती. मी तारीख विचारली, तसा तो खुर्चीत रेलला.

"साहेब, तो तं पौष होता! पौषात कोन लगन करते? लॉनले कुलूप होतं. तुम्ही पंचांग पाहा ना."

तो इतक्या विश्वासानं बोलला की शेजारी बसलेला माझा फौजदारही मान डोलावू लागला. मला मात्र हसू आवरेना. मी बौद्ध कुटुंबातला. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात पंचांग शिरलेलं नाही. आम्ही मुहूर्त पाहत नाही, सुट्टी पाहतो.

"शेठ," मी म्हटलं, "माझं स्वतःचं लग्न पौषातलं आहे. आणि अजून टिकून आहे."

त्याच्या चेहऱ्यावरचं गोड हसू पहिल्यांदा पातळ झालं. पौषात इतर लग्नं नसतात म्हणून लॉन रिकामं पडू नये, यासाठी तो आमच्याच लोकांना आग्रहानं ते देत असे, हे मला ठाऊक होतं. गडबडीत तो तेच विसरला. त्याच्या डोक्यात लग्न म्हणजे मुहूर्त एवढंच होतं.

पौषातला रविवार आणि मोठं लॉन, म्हणजे बहुतेक नोकरदाराच्या घरचं लग्न. मी हवालदाराला दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, जवाहरनगरच्या बुद्धविहारात पाठवलं. या वेळी तो थट्टा न करता गेला आणि सायंकाळी एका निवृत्त कर्मचाऱ्याला सोबत घेऊनच परतला. गृहस्थांनी "जय भीम, साहेब" म्हणत हात जोडले.

"माह्या पोरीचं लगन त्याच दिवशी, त्याच लॉनात झालं," ते म्हणाले. "पोरगा मिल्ट्रीत हाय. सुट्टी नाही भेटली. पन त्यानं बहिणीचा मंगल परिणय पूर्ण व्हिडिओ कॉलवर पाह्यला. एकदाबी अटकला नाही. त्याची माय मोबाइल हातात धरून उभीच होती."

त्यांच्या फोनमध्ये त्या कॉलची नोंद होती, पोरानं तिकडून काढून पाठवलेले फोटो होते. कॉल सुरू होता ती वेळ आणि तिकडे पुंजणी पेटली ती वेळ एकच. पत्र्याखाली यंत्राशिवाय फोन चालत नाही, हे तर पंचनाम्यातच होतं. प्रकरण फुटलं होतं. मी समाधानानं पाठ टेकली, पण गृहस्थांचा चेहरा उतरला होता.

"म्हंजे माह्या पोरीच्या लगनाच्या पायी तिकडं लोकाईचा धान जरला का, साहेब?"

मी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "लग्नामुळे नाही, दादा. ज्यानं चोरून यंत्र लावलं, त्याच्यामुळे. आणि हे तुम्ही कोर्टात सांगितलं, तर एका बाईचं नाव साफ होईल."

"सांगतो ना," ते म्हणाले. "कायले नाही सांगनार?"

त्यांनी सांगितलं, आणि असं सांगितलं की बचावाच्या वकिलांनी उलटतपासणी लगेच आटोपती घेतली. मग वकिलांनी रोख बदलला. असली यंत्रं बाजारात उघड मिळतात, आमच्या अशिलाचा वाईट हेतू नव्हता, दंड भरतो, वस्तू तेवढी परत द्यावी. लॉनमालकाचं गणित मला तेव्हा कळलं. दंड एकदा भरायचा आणि डबा पुन्हा स्टेजवर चढवायचा. न्यायालयानं अभियंत्याला विचारलं, या यंत्राला परवाना मिळू शकतो का? उत्तर आलं, हे मान्यताप्राप्त प्रकारातलंच नाही, मिळणार नाही. निकालात दंड तर झालाच, पण यंत्र, अँटेना, केबल सगळं सरकारजमा करून नष्ट करण्याचा आदेश झाला. दंडाची रक्कम ऐकताना शांत बसलेला माणूस जप्तीचा आदेश ऐकून कपाळाला हात लावून बसला. शिक्षा कुठे लागते, हे मी त्या दिवशी त्याच्या तोंडावर वाचलं. आगीच्या वेळी यंत्र सुरू होतं आणि त्यामुळे गावातले फोन अडले, हेही न्यायालयानं स्पष्ट नोंदवलं. निकालाची प्रत मी स्वतः एसडीओ कार्यालयात नेली. नोटीस मागे घेतली गेली. ते पत्र हातात घेऊन बाहेर आलो तेव्हा मी एखाद्या नव्या शिपायासारखा जिना उड्या मारत उतरलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

ज्यांचा धान जळाला होता, त्या घरातला कर्ता माणूस ग्रामसभेत उभा राहिला. "बाई, माह्या हातून चुकी झाली," तो म्हणाला. बाई लगेच विरघळल्या नाहीत. "चुकी झालीच," त्या म्हणाल्या. "आता लॉनवाल्याकडून भरपाई मांगाले कागद लागतीन, ते घेऊन उद्या या माह्या घरी." आणि त्याचे कागद त्यांनी खरंच तयार करून दिले.

पोलिसांच्या नोकरीत आपण माणसांना फार घाईनं विचारतो, कळवलं का नाही? कळवायचा रस्ता मोकळा होता का, हे विचारायचं राहून जातं. मी त्यानंतर निवृत्तीपर्यंत ते विचारत गेलो, आणि त्याचा अनेकदा उपयोग झाला. खरं बोलणाऱ्या माणसाचं बोलणं कधी कधी वेड्यासारखं वाटतं, एवढंच मी या प्रकरणातून शिकलो.

अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमाल नष्ट करायचा दिवस आला. ठाण्याच्या आवारात दगडावर तो डबा ठेवला. पंच म्हणून मी पोलीस पाटीलबाईंना बोलावलं होतं. त्या ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या.

"साहेब, एक घाव मी मारू का?"

"नाही बाई. पंचानं फक्त पाहायचं असतं."

"बरं. मंग पाहतो चांगलं."

शिपायानं घण घातला. डबा चेपला, फुटला, आतल्या पट्ट्या चुरा होऊन पडल्या. बाई पदर खोचून शेवटच्या घावापर्यंत उभ्या होत्या. मग मुद्देमालाची नोंद ठेवणाऱ्या मोहररनं पंचनामा पुढे केला. त्यांनी सावकाश सही केली, आणि सहीखाली, कोणी सांगितलं नसताना, हुद्दा लिहायला घेतला. जागा पुरली नाही, तसा त्यांनी कागद आडवा केला आणि समासात मोठ्या अक्षरात 'पोलीस पाटील' असं लिहिलं. मोहररनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, राहू दे.