शिट्टी म्हणजे हाव

पोळ्याची कर, म्हणजे सणाचा दुसरा दिवस; नव्वदच्या दशकाची सुरुवात. संग्रामपूरच्या आमच्या कार्यालयात हजर: मोठे बाबू आणि मी. तारेवर हजर: गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमधले काका आणि बुलढाण्याच्या मुख्य कार्यालयातले कम्प्युटरवाले भाऊ. बाकी सगळे सुटी टाकून गावी.

काम एकच. तालुक्याच्या पेरणीच्या आकड्यांची फाईल आमच्या कम्प्युटरमधून बुलढाण्याच्या कम्प्युटरमध्ये टेलिफोनच्या तारेवरून पोचवायची. तोवर आम्ही फ्लॉपी पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरकडे देत असू. वरून निरोप होता: आज फाईल तारेनं आली नाही, तर मशीन शेगावला हलवू. मशीन चालवणारी मी एकटी, म्हणजे माझीही बदली. घर सोनाळ्याला, लेक अजून अंगावर पिणारी. रोज शेगाव झेपणारं नव्हतं.

काकांनी बुलढाण्याचा ट्रंक कॉल जोडून दिला. भाऊ म्हणाले, "लावा." दोघांनी आपापला मोडेम लावला आणि तारेवर शिट्टी सुरू झाली. त्या शिट्टीतूनच फाईल जायची. पडद्यावरचा आकडा निम्म्यावर चढला आणि लाईन कटली. पुन्हा कॉल, पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच कटली.

मोठे बाबू म्हणाले, "बाई, काल लोकं बैलाले शिट्ट्या मारत होते, आज तुम्ही बुलढाण्याले मारून राह्यल्या."

"बैल वळते तरी, बाबू."

दोन्ही वेळा एकाच जागी कशी तुटते? मी घड्याळ पाहिलं. तीन मिनिटं. सरळ एक्स्चेंजला फोन लावला.

"काका, लाईन काऊन तोडता?"

"तीन मिनिटं झाले की इचारा लागते, वाढवू का? म्या इचारलं. तुम्ही दोघं त बोलतच नाही! नुसती शिट्टी. म्हटलं, लाईन खराब झाली, काटली."

"कम्प्युटर बोलून राह्यला, काका. शिट्टी म्हणजे हाव, वाढवा."

"आन बंद झाली त?"

"त नाही."

"हे बरं हाय. माणूस त हाव-नाही हाव-नाही करत बसते. पण इचारा त लागनच. कायदा हाय."

"विचारा. पण मनातल्या मनात. तुमचा आवाज तारेवर आला की आकडे बिघडतात."

काका खो खो हसले.

तिसरा कॉल. तीन मिनिटं झाली. शिट्टी चालूच! आकडा निम्म्याच्या पुढे गेला, चढत गेला, थांबला. मोडेम काढून फोन कानाला लावला, तर भाऊ ओरडत होते, "आली बाई, पुरी आली! साहेब इथंच उभे हायेत. म्हणतात, मशीन तिथंच राहू द्या."

मोठ्या बाबूंनी डबा उघडून कालची पुरणपोळी पुढे केली. मी अख्खी खाल्ली; सकाळपासून पोटात काही नव्हतं.

तेवढ्यात फोनची घंटी वाजली. काका.

"बाई, वाढवली ना बरोबर? मनातल्या मनात इचारलं बरं का, दोनदा."

"एकदम बरोबर."

"मंग ते बोलणारं मशीन एकदा दाखवा ना मले."

"या की, कधीही."

पण काकांना कॉल जोडायचा बोर्ड सोडून उठता येत नसे. त्यांची सुटी रविवारी. रविवारी कार्यालयाला कुलूप आणि मी सोनाळ्याला लेकीजवळ. पुढे एक्स्चेंज आपोआप चालू लागलं आणि काका दुसऱ्या गावी गेले. त्यांना कम्प्युटर दाखवायचं काम माझ्याकडे अजून बाकी आहे.