तिसरं वचन माझं होतं

"हं, तिसरं वचन सिस्टर, तुम्ही घ्या. आणि तू गं, चहाचं बघ जरा."

अंकल असं म्हणाले आणि माझं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. बोट वचनावर ठेवलेलं. बायबल मिटलं आणि उठले.

ठाकुर्लीच्या टॉवरमधलं ताईंचं घर. तिथे मी सहा वर्षं पोळ्या करत होते. दर रविवारी दुपारी त्यांच्या हॉलमध्ये आठ-दहा जण बायबल वाचायला जमायचे. अंकल त्यांचे पुढारी, बँकेतून रिटायर झालेले. गोलातल्या बायकांना ते सिस्टर म्हणायचे. गोल बसायचं, एकेकाने एकेक वचन मोठ्याने वाचायचं, मग त्यातून आपण काय शिकलो ते सांगायचं. मी आत कणीक मळत ऐकायची. ऐकून ऐकून गोडी लागली. नवरा गेला तेव्हा मला रडायलाही सवड नव्हती. त्या वचनांनीच धरून ठेवलं. खोटं कशाला बोलू? मग एकदा ताईच म्हणाल्या, "ये गं, बस आमच्यात."

बसले. कुठे? सगळे सोफ्यावर, खुर्च्यांवर. मी ताईंच्या पायाशी, सतरंजीवर, किचनच्या दाराला लागून. म्हणजे उठायला बरं.

शाळा माझी दुसरीत सुटलेली. चाळिशीत पोरीकडून अक्षरं शिकून घेतली. कशासाठी? तर गोलात वाचता यावं म्हणून. पहिल्यांदा वाचलं तेव्हा बोट ठेवून, अडत अडत वाचलं. कुणीतरी घड्याळ बघितलं. कुणीतरी खुदकन हसलं. त्यानंतर माझी पाळी आलीच नाही. ताईंचं झालं की थेट पलीकडच्या सिस्टर. दोन वर्षं हेच. तरी मी दर शनिवारी उद्याचा अध्याय विचारून घ्यायची. अंकल पहिलं वचन वाचणार, ताई दुसरं, म्हणजे तिसरं माझं. ते मोहने गावातल्या माझ्या घरी पोरीसमोर दहा-दहा वेळा वाचायची. येड्यासारखी. न जाणो, एखाद्या रविवारी म्हणतील, वाच.

त्या रविवारी याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय होता. तिसऱ्या वचनात काय आहे, ठाऊक आहे? भारी कपड्यांतला माणूस आला की त्याला म्हणता, बसा या चांगल्या जागी. आणि गरिबाला म्हणता, तू तिकडे उभा राहा, नाहीतर माझ्या पायाशी बस. आदल्या दिवशी घरी वाचलं तेव्हा अंगावर काटा आलेला. म्हटलं, हे उद्या माझ्याच तोंडून निघायला पाहिजे.

सिस्टरनी वाचलं. झरझर, कुठेही न अडखळता. मी किचनच्या दारात उभी. कुणाची मान खाली गेली नाही.

मग काय शिकलो ते सांगायची वेळ आली. ताई म्हणाल्या, "मला प्रभूने नम्रता शिकवली. बघा ना, आमची पोळ्यांची बाईसुद्धा आता आपल्यात बसते."

"आमेन," सगळे म्हणाले.

मीसुद्धा म्हणाले. सवयीने. सांगायला लाज वाटते, पण आज तेच सगळ्यात जास्त जळतं.

चहा वर आलेला. गॅस बंद केला. कप ओट्यावर तसेच ठेवले आणि हॉलमध्ये गेले. एका खुर्चीवर कुणाचीतरी पर्स ठेवलेली. पर्सलासुद्धा खुर्ची! ती उचलून खाली ठेवली आणि बसले.

"माझं वचन राहिलंय," मी म्हणाले.

"अगं, वाचून झालं ते," अंकल म्हणाले.

"माझं झालं नाही."

वाचलं. बोट ठेवून. अडत अडत. शेवटपर्यंत. मग म्हणाले, "आता मी काय शिकले ते सांगते. ताई, दोन वर्षं मी तुमच्या पायाशी बसले. ते यात लिहिलंय. तुम्ही सगळ्यांनी आत्ता वाचलंत, आणि कुणालाच दिसलं नाही."

ताईंचा चेहरा उतरला. "तुला कधी काही कमी केलं का गं आम्ही?"

अंकल म्हणाले, "राग सैतानाकडून येतो, सिस्टर."

सिस्टर! दोन वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला, येऊ नकोस. त्याच टॉवरमधली आणखी दोन कामं गेली. शेजारीण म्हणाली, "नसता शहाणपणा कशाला केलास? तोंड गप ठेवायचं." ठेवलेलं की! दोन वर्षं ठेवलेलं.

लोक विचारतात, मग बायबल सोडलंस का? का सोडू? ते काय त्यांच्या सातबाऱ्यावर चढलंय? आता मोहन्याला माझ्या खोलीत आम्ही पाच बायका रविवारी बसतो. एकीला अजून जोडाक्षरं लागत नाहीत, एका वचनाला पाव तास घेते. घेऊ दे. तिची पाळी कुणी ओलांडायची नाही.

परवा ताई बाजारात भेटल्या. "ये ना गं परत. सगळे तुझी आठवण काढतात."

"येते," म्हटलं. "सतरंजीवरच बसेन. तुम्ही सगळे सतरंजीवर बसणार असाल तर फोन करा."

फोन आलेला नाही. न येवो. पायाशी मी आता कुणाच्याच बसणार नाही, देवाचं नाव पुढे केलं तरी.