शेजारणीच्या घराला दिलेला लाल रंग

मुलांनो,

थोरलीने परवा फोनवर सांगितलं की तिला निवडणुकीसाठी मतदारांची माहिती तपासण्याचं काम मिळालं आहे. मला आनंद झाला आणि थोडं हसूही आलं. हे काम तुमच्या आजीनेही एकदा केलं आहे, इथे धारूरमध्ये, आणि त्यात एक चूक केली आहे. ती कामावर रुजू होण्याआधी मी सगळं नीट लिहून ठेवते. धाकट्यांनीही वाचावं.

तुमची धाकटी आजी, म्हणजे माझी जाऊ, नगरपरिषदेला उभी राहिली. आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला होता. तिच्या पॅनलने संभाजीनगरहून एक मुलगी पाठवली. ती लॅपटॉप घेऊन आमच्या पुढच्या खोलीत बसायची. मतदारयादीला तिने वय, घर, फोन नंबर, गेल्या वेळी मतदानाला आले की नाही असं सगळं जोडलं होतं. कोणत्या घराचा कल कुठे, एवढंच तिला कळत नव्हतं. त्यासाठी गल्लीतलं माहितगार माणूस हवं, म्हणून मी. यादीतल्या प्रत्येक घराला एक रंग द्यायचा. हिरवा म्हणजे आपला, लाल म्हणजे विरोधकांचा, पिवळा म्हणजे काठावरचा आणि राखाडी म्हणजे माहीत नाही.

मला ते काम फार आवडलं. इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, हजेरीपट भरले. रिकामा रकाना मला बघवत नाही. दोन सकाळींत मी सगळी गल्ली रंगवली. राखाडी एकही ठेवला नाही.

समोरच्या किराणा दुकानवाल्या वहिनींच्या घराला मी लाल दिला. त्यांचा भाऊ दिंद्रुडला विरोधी पक्षाचं काम करतो, एवढ्याच कारणाने.

रंगांवरून संगणकाने रोजचा रस्ता काढून दिला. दिवस थोडे, म्हणून पिवळी घरं आधी, हिरवी नंतर, लाल घरं वगळायची. आम्ही बायका हळदीकुंकवाचं ताट घेऊन निघालो तेव्हा वहिनी पदर सावरून दारात उभ्याच होत्या. यादीत त्यांचं घर नव्हतं. जाऊ लांबूनच नमस्कार करून पलीकडच्या घरात शिरली आणि मीही तिच्या मागे गेले.

आपल्याकडे मत कुणालाही द्या, पण मागणाऱ्याने दारात यायलाच हवं. विरोधक आला तरी त्याला पाणी देतात, चहा करतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही.

दुसऱ्या दिवसापासून वहिनींनी माझ्याशी बोलणं सोडलं. दुकानात गेले तर साखर तोलून पुढे ठेवली आणि आत निघून गेल्या. चाळीस वर्षांचा शेजार. तुमचे बाबा लहानपणी निम्मं जेवण त्यांच्याच घरी जेवले. चौथ्या दिवशी मला राहवेना. दुपारी दुकान बंद असताना गेले आणि रंगांचं सगळं सांगून टाकलं.

वहिनी म्हणाल्या, "म्हंजी तुमी मला लाल केलं. कुनाला इचारून?"

"भाऊ तिकडचा, म्हणून वाटलं."

"भावाचं मत भावापाशी. मला सांगा बाई, तुमी सरांना इचारून मत देता का?"

सर म्हणजे तुमचे आजोबा. मी त्यांना विचारून कधीच मत दिलेलं नाही. हे पान त्यांना दाखवू नका.

"न्हाई ना? मंग माज्या दारात कावून न्हाई आलात?"

घरी येऊन मी पुन्हा यादी घेऊन बसले. प्रत्येक घरापाशी स्वतःला विचारलं, हे तुला कसं कळलं? जिथे नुसतं आडनाव, भाऊबंद किंवा अंदाज निघाला, तिथे राखाडी केलं. अर्धी गल्ली राखाडी झाली.

"आजी, एवढ्या राखाडीचं मी करू काय?" मुलीने विचारलं.

मी म्हटलं, तिथे आधी जायचं. तिने कपाळावर हात मारला, पण रस्ता नव्याने काढून दिला. संगणकाची यात चूक नव्हती. मी सांगितलं ते त्याने खरं मानलं. 'माहीत नाही' म्हणायला मीच लाजले होते.

दुसऱ्या सकाळी जाऊ आणि मी ताट घेऊन वहिनींकडे गेलो. त्यांनी आम्हाला बराच वेळ बसवून ठेवलं. मग कुंकू लावून घेतलं आणि चहा केला, लई गोड. जाऊने हात जोडून मत मागितलं.

"बघू," वहिनी म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "बाईंनी आता कंचा रंग दिलाय ते तरी कळू द्या."

जाऊला ठसका लागला.

ती निवडून आली, अगदी थोडक्या मतांनी. वहिनींनी कुणाला मत दिलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मुलगी यादी घेऊन परत गेली. त्या यादीचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. आमचा शेजार अजून आहे.